मे महिन्यातला कोट

आमच्या घराची पुढची खोली आमची नव्हती. ती आईच्या शिवणक्लासची होती, आणि आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, मंदाताई आणि मी, मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. घर नागपुरात, सक्करदऱ्याला, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुपारची जेवणं आटोपली की मुली यायला लागायच्या. आधी दाराशी चपलांचा आवाज, मग बांगड्यांचा, मग मशीनचा. एकीनं पाय मारायला सुरुवात केली की दुसरीचा पाय आपोआप तिच्या तालावर यायचा, आणि थोड्या वेळानं सगळ्या खोलीची मिळून एकच घरघर व्हायची. त्या घरघरीत मी शाळेतून येऊन मागच्या खोलीत जेवत असे: सकाळचा गार गोळाभात, म्हणजे बेसनाचे गोळे घालून शिजवलेला भात, त्यावर आईनं सोडलेलं हिंग-मोहरीचं तेल, बाजूला कांद्याची फोड. आज साठी उलटून गेल्यावरही एखाद्या गल्लीतून शिलाई मशीनचा आवाज आला की मला भूक लागते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले.

जेवण झालं की माझं काम सुरू व्हायचं. बाबा एका सरकारी कचेरीत नकाशे काढत. मंदाताईच्या वेळी त्यांच्या मनात आलं नव्हतं, पण माझ्या वेळी त्यांना वाटलं की एका तरी मुलीला इंग्रजी यावं, म्हणून मला सिस्टर लोकांच्या शाळेत घातलं. त्या शाळेनं मला बोलायला शिकवलं नाही. वर्गात उभं केलं की मी बाकाकडे बघत राहायची आणि घरी पाहुणे आले की मी मागच्या दारानं निघून जायची. पण वाचायला शिकवलं. आई सदरमधल्या एका रद्दीवाल्याकडून परदेशी फॅशनची जुनी मासिकं वजनावर आणायची. तिला त्यातली चित्रं हवी असत. गळा कसा कापला, बाही कुठे जोडली, हे ती चित्र खिडकीच्या उजेडात धरून नुसतं पाहून सांगायची. चित्राखालच्या मजकुराचं काम माझ्याकडे होतं. मी दाराला पाठ लावून बसायची, मासिक गुडघ्यांवर, आणि आधी इंग्रजी वाचून मग मराठीत सांगायची. मासिक तोंडासमोर असलं की मला लाज वाटत नसे. ते मी बोलत नव्हतेच, पॅरिस बोलत होतं.

शाळेत दर सोमवारी प्रार्थनेनंतर आम्हाला गुडघ्यांवर बसवायचे. स्कर्टची कड जमिनीला टेकली नाही तर ती तिथल्या तिथे उसवायचे आणि चिठ्ठी देऊन घरी पाठवायचे. आणि दुपारी घरी मी वाचत असे की लंडनमध्ये यंदा कड गुडघ्याच्या चार बोटं वर गेली आहे. मला दोन्ही सारखंच खरं वाटायचं.

त्या मासिकांमुळे क्लासमधल्या मुलींनी जगातल्या शहरांची एक क्रमवारी लावून टाकली होती. कुठल्या शहरातली माणसं कपड्यांच्या बाबतीत किती जागरूक, यावर रोज वाद चालायचा. त्यात सगळ्यांत पुढे, शहरांना नागपूरच्या वस्त्या जोडणारी, विमल. ती सावनेरकडची, मामाकडे राहून क्लास करायची. काज करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि तोंडाच्या बाबतीतही नव्हतं.

"लंडनवाल्या लय साध्या बापा," विमल म्हणायची. "नुसतं चौकड्याचं कापड. धन्याच्या लुंगीतून काढल्यासारखं."

"अन् पॅरिस?" कोणीतरी विचारायचं.

"पॅरिसवाल्या म्हणजे आपल्या धरमपेठवाल्या. एक मोत्याची माळ घालतात अन् समजतात का सारं जग आपल्यालेच पाहून राहिलं."

"न्यूयॉर्क?"

"थे इतवारी. जे हाती लागलं थे घालून निघाले. कोणाले वेळ आहे पाहाले?"

"टोकियो सांग नं."

टोकियोचं आमच्याकडे एकच चित्र होतं. दोन बायका, एक किमोनोत आणि एक फ्रॉकमध्ये, एकाच छत्रीखाली. विमलनं ते नीट पाहून निकाल दिला, "थे महाल. सासू नऊवारीत, सून मॅक्सीत, अन् दोघीही एकमेकीले काही म्हणत नाही, पण घरी गेल्यावर बोलतात."

पुढे मी कापड निर्यात करणाऱ्या एका कंपनीत लागले आणि कामानिमित्त यातली बरीच शहरं पाहिली. विमलची क्रमवारी माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. पॅरिसमध्ये हॉटेलाबाहेरच्या खुर्च्या एकमेकींकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या असतात. माणसं पैसे देऊन बसतात ती जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट बघायला. न्यूयॉर्कमध्ये झोपायच्या कपड्यांवर कोट अडकवून दूध घ्यायला आलेली बाई आणि हिऱ्याच्या कुड्या घातलेली बाई एकाच रांगेत उभ्या होत्या आणि दोघींनाही एकमेकींची खबर नव्हती. टोकियोत कोणी कोणाकडे टक लावून बघत नाही, पण प्रत्येकजण घरून असा टापटीप निघालेला असतो की कोणीतरी बघणार हे त्यानं धरूनच ठेवलेलं असतं. त्या मानानं आपलं नागपूर सरळ. इथे बघतात, हात लावून पाहतात आणि कुठून घेतली तेही विचारतात. पण हे सगळं फार नंतरचं. तेव्हा ही शहरं आमच्यासाठी चार-पाच वर्षं जुन्या कागदावर होती. आम्ही ज्या पॅरिसबद्दल भांडत होतो ते पॅरिस केव्हाच कपडे बदलून पुढे गेलेलं होतं, हे माझ्याही लक्षात येत नव्हतं.

हा खेळ थांबला तो मंदाताईचं लग्न ठरल्यावर. मुलगा मूळचा सावनेरचा, लंडनला एका कारखान्यात इंजिनीअर. लग्न एप्रिलमध्ये झालं, भाऊजी पंधरवड्यात परत गेले आणि कागदपत्रं झाली की दिवाळीनंतर ताईनं जायचं असं ठरलं.

ताई माझ्यासारखी नव्हती. ती चारचौघांत हसायची, गाणं म्हणायची, दुकानदाराशी हुज्जत घालायची. पण तिला एकाच गोष्टीची भीती होती, कोणी आपल्या कपड्यांना हसेल याची. लग्नाला जायचं असलं की दोनदा साडी बदलायची आणि रिक्षात बसल्यावर विचारायची, "मघाचीच बरी होती का वं?" लहानपणी शाळेच्या संमेलनात तिचा परकर भर स्टेजवर सुटला होता आणि सगळी शाळा हसली होती. तेव्हापासून असावं. आता तिला अशा शहरात जायचं होतं जिथल्या लोकांनी तिच्यासारखे कपडे घातलेलं माणूस कदाचित पाहिलंच नसेल.

भाऊजी जायच्या आदल्या दिवशी चहा पीत बसले होते. ताईनं मला कोपर मारलं. मग मीच, बशीकडे बघत, विचारलं, "तिथे बायका काय घालतात?"

त्यांनी बराच विचार केला. "कोट," म्हणाले.

"कसला?"

"गरम असतो."

"रंग?"

"काळा असन. नाही तर तपकिरी. मी काही लक्ष नाही दिलं."

ते चार वर्षं तिथे राहिले होते. ताईचं तोंड उतरलं. पण स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "जावई चांगला भेटला, बायायकडे पाहत नाही."

त्यानंतर रोज संध्याकाळी ताई मला गच्चीवर नेऊ लागली. दिवसभर तापलेल्या गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निवली की चटई टाकायची, आणि तिचा एकच प्रश्न. "बेबी, खरं सांग. लंडनमधले लोक पाहतात का गं कपड्यांकडे?" मला घरात बेबी म्हणत. मी मासिकात वाचलेलं सांगायची. तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं नाही. एका संध्याकाळी ती खाली आईला म्हणताना मी जिन्यात ऐकलं, "मी नाही जात. त्याइलेच इकडे बोलाव." दुसऱ्या दिवशी सकाळी आई चपला घालून म्हणाली, "बेबी, चाल सीताबर्डीले. मंदीले कोट शिवू. असा शिवू का लंडनवाल्यायनं विचारलं पाहिजे."

मे महिना होता. दुकानदारानं गरम कापडाचे तागे वरच्या फळीवर गुंडाळून ठेवले होते. ते खाली काढताना दुकानभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला आणि तो आईकडे जरा काळजीनं बघत म्हणाला, "बाई, आत्ता पाहिजे?" आईनं पुरुषांच्या सुटाचं, बाटलीसारखं हिरवं कापड घेतलं. घरी येईपर्यंत ते आळीपाळीनं हातात धरताना आमच्या दोघींचे हात घामानं भिजले होते.

आमच्यापैकी कोणीही बायकांचा कोट प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. आईनं एका चित्रावरून वर्तमानपत्राचा कागद कापला, मग जुन्या चादरीचा एक कोट करून पाहिला, मग कापडाला कात्री लावली. सगळा क्लास त्याला लागला. कोणी अस्तर, कोणी कॉलरच्या आतलं कडक कापड, काजं अर्थातच विमल. खिडकीत वाळ्याचा कूलर घरघरत होता, दार बंद करून पडदे ओढलेले, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि मधोमध ताई लोकरीचा कोट घालून उभी. तिच्या कानामागून घामाचे ओघळ कॉलरमध्ये जात होते. विमल तिला मासिकानं वारा घालत म्हणाली, "लंडन येईपर्यंत टिक वं माय."

आई टाचण्या तोंडात धरून कोट कमरेला आत घेत होती, छातीवर आत घेत होती, पाठीवर दोन ठिकाणी आत घेत होती. नागपुरात चांगली शिलाई म्हणजे अंगासरशी शिलाई. ब्लाउज असा बसला पाहिजे की एक बोट जायला नको. आईचं नाव त्यावरच झालं होतं. तिच्या हातचा ब्लाउज सैल म्हणून परत आला, असं कधी झालं नव्हतं. कोट तयार झाला तेव्हा तो ताईच्या अंगावर असा बसला होता की मुलींनी मशीन थांबवल्या.

बातमी गल्लीत गेली. बायका कोट बघायला येऊ लागल्या, नवी सून बघायला यावं तशा. आई त्यांना बसवायची, ताई कोट घालून यायची, एखादी उठून बाहीला हात लावायची, आत काय घातलं, गुंड्या कुठल्या, सगळं विचारून व्हायचं. मागून पन्हं यायचं. ताई खुलत चालली होती. गच्चीवरचा प्रश्न बंद झाला. आईनं एकदा बाबांना म्हटलं, "आता जाते म्हणते." बाबांनी पंख्याकडे बघून मान हलवली.

जूनच्या सुरुवातीला शेजारच्या डोंगरेकाकूंची बहीण सुटीवर नागपुरातच, माहेरी आली. कमलताई. त्या लंडनच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. आईनं त्यांना मुद्दाम चहाला बोलावलं, आणि क्लासच्या वेळेलाच बोलावलं. त्या साधी सुती साडी नेसून आल्या. मुलींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की त्यांना काही वेगळं अपेक्षित होतं.

"लंडनवाले कपड्यायकडे लय पाहतात का, ताई?" विमलनंच सुरुवात केली.

"लंडनवाले आभाळाकडे पाहतात," कमलताई म्हणाल्या. "पाऊस येते का नाही. बस स्टॉपवर सगळे एकाच रंगाचे कोट घालून उभे. माझ्या शेजारी रोज एक बाई उभी राहते, पाच वर्षं झाली. मी साडीवर स्वेटर, त्यावर कोट, पायात मोजे अन् सँडल अशी जाते. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही."

"अन् पॅरिस?"

"एकदा गेली होती बसच्या सहलीत. तिथे पाहतात. वरून नाही, खालून. दुकानातल्या बाईनं आधी माझे मोजे पाहिले, मग मी काय मागते ते ऐकलं." सगळ्या हसल्या. "माझी चुलतबहीण न्यूयॉर्कला आहे. ती म्हणते, तिथे तुम्ही डोक्यावर घागर घेऊन चाला, लोक बाजूनं निघून जातात."

"मंग सगळ्यात जास्त कुठं पाहतात?"

"इथे," कमलताई म्हणाल्या. "रिक्षातून उतरले तेव्हापासून तुमच्या दारापर्यंत दोघींनी साडी विचारली."

मुली हिरमुसल्या, पण मला आठवतं की मी मनात तेच पुन्हा म्हणून पाहिलं. कोणीही वळून न पाहणारं शहर. मला रस्त्यावरून चालताना नेहमी वाटायचं की प्रत्येक खिडकीतून कोणीतरी माझी चाल बघतं आहे. मी ताईकडे पाहिलं. तिलाही हे ऐकून बरं वाटलं असेल असं मला वाटलं. ती मात्र गोंधळल्यासारखी दिसत होती.

मग आईनं कोट खुंटीवरून काढायला लावला. ताई घालून आली. कमलताईंनी तिला वळायला सांगितलं, खांद्याची शिवण पाहिली, काजांची तारीफ केली. आणि बोलता बोलता त्यांनी छातीवरच्या गुंडीपाशी आपला हात आडवा करून आत घालून पाहिला. हात गेला नाही. त्यांनी तो लगेच काढला आणि म्हणाल्या, "वा. फारच सुंदर." आईनं चहा ओतला.

मी लाजाळू होते म्हणून मला नेहमी दुसऱ्यांच्या हातांकडे बघायची सवय होती. तोंडाकडे बघायचं धाडस नसे. कमलताईंना रिक्षापर्यंत सोडायला मी गेले, जे मी कधीच करत नसे. कोपऱ्यावर आल्यावर विचारलं, "तुम्ही हात काहून घातला होता?"

त्या थांबल्या. "अगं, तिथे कोट नुसता नाही घालत. आत स्वेटर लागतो. थंडीत दोन. ह्याच्यात एकही जाणार नाही." मग म्हणाल्या, "आईला नको सांगू. इतक्या मेहनतीनं केला. तिथे गेल्यावर ती दुसरा घेईल, सगळ्याच घेतात."

आमच्यापैकी कोणाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? आमच्या थंडीत एका स्वेटरनं भागायचं, आणि गरम कपड्याच्या आत आणखी गरम कपडा असतो ही कल्पनाच आमच्याकडे नव्हती. मी घरी परत आले आणि रात्रीपर्यंत त्याच एका गोष्टीचा विचार करत राहिले. न सांगावं तर ताई तिथे उतरणार, तिला एक तर थंडी वाजणार, नाही तर पहिल्याच दिवशी कोट टाकून दुसरा घ्यावा लागणार. घरून आणलेला कोट चालला नाही, हे तिला लोक हसल्यासारखंच लागलं असतं. सांगावं तर आत्ताच ती पुन्हा गच्चीवर जाऊन बसणार आणि म्हणणार, मी नाही जात. आणि आई? अख्ख्या गल्लीनं पन्हं पिऊन वाखाणलेला कोट चुकला, हे क्लासच्या मुलींसमोर तिला कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी दाराला पाठ लावून बसले. एक मासिक घेतलं, कोटाचं चित्र असलेलं पान काढलं. एका दगडी इमारतीसमोर उभी असलेली बाई. खालची पहिली दोन वाक्यं होती तशी वाचली, इंग्रजीत आणि मग मराठीत. तिसऱ्या वाक्यापासून तिथे काहीच नव्हतं, जाहिरात सुरू होत होती. मी न थांबता, त्याच आवाजात, इंग्रजीत पुढे बोलत गेले आणि मग मराठीत सांगितलं, "यंदा पॅरिसनं कोट सैल केला आहे. आत जाड लोकर सहज जावी इतका. छातीला चापून बसणारा कोट आता जुना समजतात. लंडननंही हे उचललं आहे."

मशीन एकेक करून थांबल्या.

"हे पॅरिसवाले काय रोज उठून बदलवतात?" विमल म्हणाली.

ताईनं कोटाच्या खुंटीकडे पाहिलं. आईनं हात पुढे केला. "दाखव."

मी मासिक दिलं. आईनं ते खिडकीच्या उजेडात धरलं. चित्रातल्या बाईचा कोट कमरेला पट्ट्यानं आवळलेला होता आणि छातीवर एक सुरकुती नव्हती. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र तिच्याइतकं कोणालाच वाचता येत नव्हतं. तिचा अंगठा त्या बाईच्या खांद्यावरून काखेपर्यंत सावकाश फिरला. मी माझ्या नखांकडे बघत बसले. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, त्याचा कोरडा आवाज येऊ लागला होता.

"चित्र जुनंच छापलं त्याइनं," आई शेवटी म्हणाली. "पण लिहिलं थे नवीन आहे. मंदे, आन तो कोट. पॅरिसनं बदलवलं तं आपणही बदलवू. लंडनले पोचल्यावर कोणी म्हणाले नको, का जुन्या फॅशनचा घालून आली."

संध्याकाळी ती ज्वारीच्या भाकरी थापत होती. मी चुलीजवळ, म्हणजे स्टोव्हजवळ, ताट पुसत होते. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "किती सैल केला म्हणते पॅरिसनं?"

"दोन स्वेटर जातील इतका."

"जाडे?"

"एक जाडा, एक पातळ."

भाकरी तव्यावर पडली. तिनं वरून पाणी फिरवलं. "कमलनं हात घातला तवाच मले वाटलं होतं," ती म्हणाली. "पण थे बोलली नाही, मंग मीही नाही विचारलं." भाकरी उलटली. "उद्या पुढचं वाच. बाह्या कशा केल्या पॅरिसनं, थेही पाहून ठेव. बाही सैल नाही केली तं स्वेटर अडकन."

दुसऱ्या दिवशी पॅरिसनं बाह्या बदलल्या. मी जन्मात कधी इतकी सलग बोलले नव्हते. आई मधूनच विचारायची, "कॉलरबद्दल काही लिहिलं का?" आणि मी पान उलटून म्हणायची, "कॉलर तीच आहे." ती म्हणायची, "बरं झालं."

हिरवं कापड उरलं नव्हतं. आईनं काळं कापड आणलं आणि दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत रुंद पट्ट्या घातल्या. काखेत तिनं चौकोनी तुकडा बसवला, चौबगला. माहेरी, कुहीला, तिचे वडील शेतात अंगात बंडी घालत, तिच्या काखेत हात वर जावा म्हणून असाच तुकडा असे. मुलींना तो कसा जोडायचा ते दाखवताना ती पहिल्यांदा माहेराबद्दल बोलली. ताई सगळं शांतपणे बघत होती. आपला कोट आता लंडनच्याही पुढचा आहे, असं तिला वाटत होतं. विमल पट्ट्यांना इस्त्री करत म्हणाली, "हे तं पॅरिसलेही सुचलं नसन," आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

ताई गेली. मुंबईच्या गाडीत चढताना कोट हातावर घेतलेला, घडी मोडू नये म्हणून बाळासारखा. रडली ती, पण कपड्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही.

ती परत आली दोन हिवाळ्यांनंतर, महिनाभरासाठी. क्लास तोच होता, काही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, विमल होती. सगळ्या ताईभोवती बसल्या. शहरांचा खेळ आता कोणाला आठवत नव्हता, पण कोटाचं सगळ्यांच्या मनात होतं.

"काय म्हणे लंडन?" विमलनं विचारलं. "कोणी विचारलं का, कुठं शिवला म्हणून?"

ताई माझ्याकडे बघून हसली, पण ते तिचं जुनं हसू नव्हतं. "कोणीच नाही," ती म्हणाली. "रोज घातला. आत दोन स्वेटर. दोन वर्षांत एका माणसानं त्या कोटाकडे पाहिलं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पहिल्या महिन्यात मले लय बरं वाटलं, का कोणी हसत नाही. मंग एक दिवस बस स्टॉपवर उभी होती, अन् मले इथल्या बाया आठवल्या. बाहीले हात लावून पाहणाऱ्या. मी तिथंच रडली. तेही कोणी पाहिलं नाही."

आई मशीनवर होती. तिनं दोरा दातांनी तोडला.

"मंग बरोबर बसला असन," ती म्हणाली. "चुकला असता तं पाहिलं असतं लोकायनं."

आईनं गळ्यातला टेप काढला, उठून ताईजवळ आली आणि इतर मुलींचं माप घेतात तसं तिचं माप घेऊ लागली. छाती, कंबर, दंड. दंड बारीक झाला होता, तिथे टेप दोनदा लावला. आकडा तिनं मोठ्यानं सांगितला नाही. टेप गुंडाळून ती मला म्हणाली, "बेबी, गोळाभात टाक. अन् तेल जास्त सोड."